जुन्या 'टू-स्ट्रोक'चे पुनरुज्जीवन : रंगाआधी इंजिन, हौसेआधी घाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. मुंबईहून घाटमाथ्याकडे निघालेल्या दुचाकीस्वाराला त्यामुळे आजही पनवेल, चौक, खालापूर, खोपोली असा जुना महामार्ग धरावा लागतो आणि पुढे बोरघाट चढावा लागतो. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. बैलगाड्या, टपालगाड्या, मोटारी आणि मालट्रक अशा सर्वांच्या दमाची परीक्षा या चढणीने घेतली आहे. अडगळीतून बाहेर काढून नव्याने उभ्या केलेल्या जुन्या मोटरसायकलींची परीक्षाही येथेच होते.

जुनी जावा, येझदी, राजदूत किंवा यामाहा आरएक्स-१०० पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस गेल्या काही वर्षांत वाढली आहे. मात्र या हौसेचा पहिला पैसा बहुधा रंग, क्रोम आणि टाकीवरील बोधचिन्हावर खर्च होतो. गाडी देखणी दिसते, दारासमोर सुरूही होते. पण कर्जतहून खोपोली गाठून घाटाला लागली की तापते, दम सोडते आणि प्रसंगी तिचा पिस्टन सिलिंडरमध्येच जखडतो. मेकॅनिक मंडळी ज्याला 'गाडी सीझ झाली' म्हणतात, तो हा प्रकार. चालत्या गाडीत असे झाले तर मागचे चाक क्षणात अडकते. वळणावर, मागे ट्रक असताना असे घडणे जिवावर बेतू शकते. म्हणूनच प्रदर्शनात ठेवायची गाडी आणि रोज विश्वासाने चालवायची गाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रारंभीच ध्यानात घ्यायला हवे.

कोणत्या गाड्या?

भारतातील टू-स्ट्रोक मोटरसायकलींच्या इतिहासात जावाचे स्थान मोठे आहे. चेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये हा उद्योग सुरू केला. 'यानेचेक' आणि 'वाँडरर' या दोन नावांच्या आद्याक्षरांतून 'जावा' हे नाव तयार झाले. मुंबईतील इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने म्हैसूर येथे 'आयडियल जावा' हा कारखाना उभा राहिला आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी २५० सीसीची जावा भारतात तयार होऊ लागली. पुढे १९७० च्या दशकात हीच गाडी 'येझदी' या नावाने विकली जाऊ लागली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली; परंतु या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. जुन्या गाड्यांशी त्यांचे नाते नावापुरते आणि रूपापुरते आहे.

एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही पोलंडमधील 'एसएचएल' मोटरसायकलीच्या आराखड्यावर आधारित होती आणि ग्रामीण महाराष्ट्रात दूधवाल्यांपासून ग्रामसेवकांपर्यंत अनेकांनी ती वापरली. १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली आरएक्स-१०० ही ९८ सीसीची हलकी गाडी तरुणांत आजही लोकप्रिय आहे. २००० सालानंतर प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकली उत्पादनातून बाद झाल्या. आता नवी गाडी मिळत नाही, त्यामुळे आहे तीच जपणे एवढाच मार्ग उरतो.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे पंप

या गाड्यांची दुरुस्ती समजून घ्यायची तर टू-स्ट्रोक इंजिनाचे एक वैशिष्ट्य ठाऊक हवे. फोर-स्ट्रोक इंजिनात खालच्या भागात तेल साठवलेले असते आणि वर व्हॉल्व्ह असतात. या टू-स्ट्रोकमध्ये यांपैकी काहीच नसते. पिस्टन वर जाताना खालच्या बंद कप्प्यात, म्हणजे क्रँककेसमध्ये, हवा आणि पेट्रोलचे मिश्रण खेचले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणजेच क्रँककेस हा एक पंप आहे. पंपाला कोठेही गळती असून चालत नाही.

ही गळती रोखण्याचे काम क्रँकच्या दोन्ही टोकांना बसवलेली रबरी ऑईल सील करतात. तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या गाडीची सील कडक होतात, चिरतात. जावा-येझदीत डाव्या बाजूला क्लच आणि उजव्या बाजूला डायनामो असतो. डावीकडचे सील गेले तर गिअर बॉक्सचे तेल इंजिनात ओढले जाते; धूर वाढतो आणि गिअर ऑईलची पातळी विनाकारण उतरते. उजवीकडचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते. हा दुसरा दोष अधिक घातक असतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. हवा वाढली की मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते. पेट्रोलबरोबरच तेल येत असल्याने वंगणही घटते. इंजिन तापते, अॅल्युमिनियमचा पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये जखडतो. बिडाच्या सिलिंडरपेक्षा अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावते, हे त्याचे साधे कारण.

अशा गळतीची खूण ओळखता येते. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही, गाडी उभी असताना आवाज आपोआप चढतो आणि कार्ब्युरेटरची कितीही जुळवणी केली तरी फरक पडत नाही. खात्री करण्यासाठी कार्ब्युरेटर व सायलेन्सरची तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ६ पौंड (पीएसआय) इतका हलका दाब भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आले तर गळती आहे. काही मिनिटे दाब टिकला तर इंजिन हवाबंद आहे असे मानता येते. पंक्चरच्या दुकानात ट्यूब तपासण्याइतकीच ही साधी चाचणी आहे. पण तीच बहुतेक वेळा टाळली जाते.

इंजिन उघडताना

बराच काळ बंद असलेली गाडी किक मारून सुरू झाली म्हणून इंजिन चांगले आहे, असा निष्कर्ष काढू नये. कोकणातील दमट हवेत पडून राहिलेल्या इंजिनाच्या बेअरिंगवर गंज धरतो. म्हणून इंजिन पूर्ण उघडून क्रँकची बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे मोठे व छोटे टोक आणि दोन्ही सील बदलणे हेच शहाणपणाचे. क्रँक दाबून जोडलेला असल्याने रॉड बदलल्यावर तो लेथवर फिरवून सरळ आहे की नाही हे तपासावे लागते. थोडासा वाकडा क्रँक नवी बेअरिंगही लवकर खातो.

सिलिंडर झिजला असेल तर तो रिबोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. ही मापे साधारणतः पाव मिलिमीटरच्या पायरीने वाढतात. येथे पिस्टन आधी हाती घ्यावा, त्याचे माप काढावे आणि त्यानुसार बोअर करावे, हा क्रम महत्त्वाचा. पिस्टन व सिलिंडर यांतील अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजले जाते. अंतर कमी राहिले तर पहिल्याच चढणीला पिस्टन पकडतो. जास्त राहिले तर खडखडाट होतो. बोअर झाल्यावर सिलिंडरमधील पोर्टच्या धारदार कडा घासून बोथट कराव्या लागतात, अन्यथा रिंग त्यात अडकून तुटते.

पेट्रोल, तेल आणि इथेनॉल

जावासारख्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रचलित प्रमाण एका लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे पंचवीसास एक असे आहे. पाच लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर टू-टी तेल लागते. आरएक्स-१०० मध्ये मात्र तेलाची स्वतंत्र टाकी आणि पंप आहे. त्या पंपाची केबल व वाहिनी तपासल्याशिवाय त्यावर विसंबून राहू नये. अधिक तेल घातले की इंजिन अधिक सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. त्याच जेटमधून तेल जास्त गेले की पेट्रोल तितके कमी जाते. शिवाय सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो.

शिसेविरहित पेट्रोलमुळे जुन्या गाड्या बिघडतात, ही भीती टू-स्ट्रोकच्या बाबतीत निराधार आहे. शिशाचा उपयोग व्हॉल्व्हच्या बैठकीच्या रक्षणासाठीही होत असे आणि या इंजिनांत व्हॉल्व्हच नाहीत. खरा प्रश्न इथेनॉलचा आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री देशात २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि २०२५ मध्ये हे मिश्रण देशभर पोहोचले. जुन्या गाड्यांवर त्याचे तीन परिणाम होतात. पहिला, इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने तेवढ्याच हवेसाठी सुमारे आठ टक्के अधिक इंधन लागते. जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण विरळ होते. दुसरा, इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी वाढले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होते आणि टाकी गंजते. तिसरा, जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि टाकीच्या आतील जुने लेप त्यामुळे फुगतात किंवा सुटतात.

यावर उपाय आहेत. पेट्रोलच्या नळ्या व वॉशर इथेनॉलला टिकणाऱ्या 'व्हायटन'सारख्या द्रव्याचे घ्यावेत. टाकी आतून गंजमुक्त करून कोरडी करावी आणि नळीत फिल्टर बसवावा. मुख्य जेट एक पायरी मोठा लावून पाहावा किंवा सुईची क्लिप एक खाच खाली बसवावी, म्हणजे सुई वर उचलली जाते. चढणीवर चालवून लगेच प्लग काढून पाहावा. कॉफीच्या रंगाचा प्लग समाधानकारक, पांढराफटक प्लग धोक्याचा, तर काळा व ओला प्लग अधिक पेट्रोलचा निदर्शक होय. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवणे उत्तम.

वीज आणि सायलेन्सर

रस्त्यावर गाडी बंद पडण्याचे सर्वांत सामान्य कारण इंजिन नसून वायरिंग असते. जुन्या जावात सहा व्होल्टची बॅटरी असून ठिणगीसाठी तिचाच प्रवाह लागतो. बॅटरी उतरली की गाडी थांबते. दिवा लावून रात्री हळू चालवताना डायनामो बॅटरी भरण्याइतकी वीज देऊ शकत नाही, हे जुने चालक जाणतात. संपूर्ण वायरिंग नवे करणे, चासीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ करणे आणि पॉइंट, कंडेन्सर व कॉईल बदलणे हा कमी खर्चात विश्वासार्हता वाढवण्याचा मार्ग आहे. पॉइंटमधील फट साधारणतः ०.४ मिलिमीटर ठेवतात. पॉइंट झिजले की टायमिंग सरकते, म्हणून ते ठरावीक अंतराने पाहावेच लागते. बारा व्होल्टची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवण्याचाही पर्याय आहे. मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना तो पटत नाही. पण रोज गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो गैर म्हणता येणार नाही.

सायलेन्सर हा टू-स्ट्रोक इंजिनाचाच भाग आहे. त्यातून परतणाऱ्या दाबावर इंजिनाची ताकद अवलंबून असते. आतली जाळी कार्बनने तुंबली की गाडी घाटात ओढत नाही. अनेकदा त्यासाठी उगाचच इंजिन उघडले जाते. याउलट आवाजासाठी जाळी काढून टाकली तर ताकद घटते आणि मिश्रणाचे गणितही बिघडते. कर्कश आवाजाबद्दल पोलिसांची कारवाई होते ती निराळीच.

ब्रेक आणि चाके

जावा, येझदी आणि राजदूत या गाड्यांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम आतून गोल आहे का, शू पूर्ण टेकतात का आणि केबल सहज सरकते का, हे पाहावे. टायरवर भरपूर नक्षी शिल्लक असली तरी रबर जुने असेल तर ते कडक झालेले असते. टायरच्या कडेवरील चार आकडी क्रमांकातून तो कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी तयार झाला हे कळते. आरे सैल वा गंजलेले असतील तर चाक नव्याने विणून घ्यावे. स्टिअरिंगचे छर्रे आणि मागच्या फोर्कचे बुश हे दोन भाग बहुधा विसरले जातात. गाडी वळणावर डगमगते ती त्यांच्यामुळे.

कर्जत ते बोरघाट : पायरीपायरीने चाचणी

नवा पिस्टन बसवलेली गाडी थेट घाटात नेऊ नये. पहिले पाचशे ते हजार किलोमीटर वेग सतत बदलता ठेवून, मागे कोणालाही न बसवता चालवावेत. या कामास कर्जत-नेरळ हा तुलनेने सपाट रस्ता योग्य. गाडी बंद पडलीच तर रेल्वे स्थानक जवळ असते. दुसरी पायरी कर्जत-पळसदरी-खोपोली. ही फेरी दोन-चार वेळा विनातक्रार झाली, प्लगचा रंग ठीक राहिला आणि गिअर ऑईलची पातळी तशीच राहिली की मग घाटाचा विचार करावा.

खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढावी लागते. शिंग्रोबाच्या देवळापाशी वाहनचालक आजही हात जोडतात, तो हाच जुना रस्ता. चढताना वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत ठेवण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये मोकळे फिरू द्यावे. आवाज अचानक बसका झाला, खरखर आली किंवा ओढ कमी झाली, तर तत्काळ क्लच दाबून गाडी कडेला घ्यावी. घाटात डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवण्याची जुन्या स्वारांची सवय याच अनुभवातून आली आहे. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट याहून तीव्र आहे. तेथवरच मोटारवाहनांना परवानगी आहे. ती परीक्षा सर्वांत शेवटी द्यावी.

चढणीपेक्षा उतरण अधिक फसवी असते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. अॅक्सिलरेटर पूर्ण मिटवून गिअरमध्ये गाडी उतरवली की इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल बंद असल्याने तेलही जवळजवळ बंद होते. मैलभर अशी उतरण झाली तर कोरडा पिस्टन पकडू शकतो. युरोपात साब व वार्टबुर्ग या टू-स्ट्रोक मोटारींना याच कारणासाठी 'फ्रीव्हील' यंत्रणा दिली होती. अॅक्सिलरेटर सोडला की चाके इंजिनापासून सुटी होत. मोटरसायकलस्वाराने उतरताना दर थोड्या अंतराने क्लच दाबून अॅक्सिलरेटर किंचित उघडावा, म्हणजे इंजिनाला तेलाचा घोट मिळतो. टू-स्ट्रोकचे इंजिन उतरणीवर गाडीला फारसे रोखतही नाही. सारा भार ब्रेकवर येतो. म्हणून ब्रेक सतत दाबून न ठेवता आलटून-पालटून वापरावेत आणि वेग आधीपासूनच कमी राखावा.

पावसाळ्यात कर्जत-खालापूर पट्ट्यात आणि घाटमाथ्यावर धुवांधार पाऊस होतो. प्लगची टोपी, पॉइंटचे झाकण आणि एअर फिल्टरचे तोंड यांतून पाणी शिरणार नाही अशी व्यवस्था जूनपूर्वी करावी. ड्रममध्ये पाणी गेले तर ब्रेक हलके दाबत काही अंतर चालवून ते सुकवावेत. सुटा प्लग, क्लचची केबल, चेनचे लॉक, पॉइंटचा संच आणि मोजून भरलेले तेल एवढे सामान सोबत असले की बहुतेक अडचणी रस्त्यातच सुटतात.

कागदपत्रे : 'विंटेज' शिक्का घ्यावा का?

जुनी गाडी विकत घेताना इंजिनाआधी आरसी बुक पाहावे. चासी आणि इंजिनावरील क्रमांक कागदाशी जुळले नाहीत, तर ती गाडी कितीही सुंदर असली तरी कायद्याच्या लेखी तिला आधार नाही. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आरटीओत झालेली हवी. कर्जत व खालापूर तालुक्यांतील जुन्या गाड्यांवर पेण कार्यालयाचा 'एमएच-०६' हा क्रमांक दिसतो. आता हे तालुके पनवेल कार्यालयाच्या 'एमएच-४६' या नोंदणीखाली आहेत. १९८९ पूर्वीच्या गाड्यांवर तीन अक्षरी जुने क्रमांक आढळतात.

नोंदणीस पंधरा वर्षे झाल्यावर गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात २०१० पासून अशा वाहनांवर पर्यावरण करही आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाली आहे. विमा आणि पीयूसी अर्थातच लागते. ३१ मार्च २००० पूर्वी तयार झालेल्या दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के असून, नीट जुळवलेली गाडी ती पार करू शकते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपातील वाहनांसाठी स्वतंत्र 'विंटेज' नोंदणी आणली. अशा गाड्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर फेरनोंदणीचे ५ हजार रुपये ठरवण्यात आले आणि मुदत दहा वर्षांची ठेवण्यात आली. हा शिक्का प्रतिष्ठेचा वाटतो. परंतु अशी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांपुरतीच मुभा आहे. १९७० च्या दशकारंभीच्या जावा आता या वयात आल्या आहेत. ज्याला रविवारी कर्जतहून घाट चढायचा आहे, त्याने साध्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेणेच योग्य.

थोडक्यात, खर्चाचा क्रम आधी कागदपत्रे, मग सील व बेअरिंग, त्यानंतर ब्रेक व टायर, पुढे वायरिंग व इंधनव्यवस्था आणि सर्वांत शेवटी रंग असा हवा. रंग उडालेली गाडी घरी परत येते. आतून कच्ची राहिलेली चकचकीत गाडी मात्र टेम्पोत घालून आणावी लागते.